कृमीने किती ‘घेतली’ हे मोजायचं कसं?

वेल्ह्याहून परत येताना चेलाडी फाट्याजवळ नाकाबंदी होती. हवालदारांनी मशीन पुढे केलं, मी फुंकलं, शून्य आलं. गंमत म्हणजे हे मशीन रक्तातलं अल्कोहोल मोजतच नाही. ते श्वासातलं मोजतं आणि रक्तात त्याच्या साधारण २१०० पट असेल असं धरून आकडा देतं. आपल्याकडे मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम.

आता ज्याला फुंकताच येत नाही, त्याचं काय?

सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटरचा सूत्रकृमी. भोरकडच्या भातखाचरांतही सूत्रकृमी असतात, पण हा रमतो सडक्या फळांत, जिथे यीस्ट अल्कोहोल बनवत असतं. याच्यात चेतापेशी फक्त ३०२, त्यामुळे दारूचा मेंदूवर परिणाम अभ्यासायला सोयीचा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की याचं एसएलओ-१ हे जनुक बिघडवलं, तर त्याला फारशी चढतच नाही.

पण प्रयोगात बाहेरचं अल्कोहोल असतं ५०० मिलिमोलरच्या आसपास, म्हणजे १०० मिलीत २३०० मिलिग्रॅम. एवढं माणसाच्या रक्तात गेलं तर माणूस वाचणार नाही. म्हणून कृमीच्या आत किती गेलं, हाच खरा प्रश्न.

पद्धत सोपी वाटते. कृमी गोळा करा, धुवा, गोठवून चिरडा. त्या रसात अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम आणि एनएडी घाला. अल्कोहोल जितकं, तितकं एनएडीएच तयार होतं आणि ते ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. तो मोजला की झालं.

झालं कुठे! मी कागदावर हिशोब केला. ६५ मायक्रॉन जाडीचा कृमी नळीसारखा धरला तर त्याचं आकारमान ३.३ नॅनोलिटर. हजार कृमी मिळून ३.३ मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. समजा आत खरे २५ मिलिमोलर आहेत, पण अंगाला बाहेरचं फक्त ०.३ मायक्रोलिटर पाणी चिकटून राहिलं. उत्तर येतं ७०! बरं, जास्त धुवावं तर आतलंच अल्कोहोल निसटतं. आमच्याकडे याला बग म्हणतात, आणि हा दोन्ही बाजूंनी चावतो.

त्यामुळेच काही प्रयोगांत आतला आकडा २०-३० आला, काहींत कितीतरी जास्त. पहिला खरा असेल तर कृमी पिऊन झिंगलेल्या माणसासारखा. दुसरा खरा असेल तर माणसाशी तुलनाच अवघड.

मला विचाराल तर, काही कृमी अल्कोहोलमध्ये क्षणभरच बुडवून लगेच तसेच धुवून मोजावेत. जो आकडा येईल तो बहुतेक अंगावरचा, तेवढा वजा करायचा.