रिकामा डबा : शाळेची शिस्त आणि भंगारवाल्याची रोजी

कापडाच्या धंद्यात चिंधी आणि कातरण कोणी फेकत नाही. त्यालाही गिऱ्हाईक असते, त्याचाही हिसाब ठेवावा लागतो. थंड पेयाच्या रिकाम्या डब्याबाबत मात्र आपण बेफिकीर आहोत. हरसूलच्या बाजारात, शाळेच्या कुंपणाजवळ आणि त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरील हॉटेलांच्या मागे असे डबे पडलेले दिसतात. ते ॲल्युमिनियम आहे आणि ॲल्युमिनियमला भाव आहे.

हा धातू बॉक्साइटपासून नव्याने काढायला प्रचंड वीज लागते. जुना डबा वितळवून तोच धातू मिळवायला त्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते. पुन्हा पुन्हा वितळवला तरी त्याचा कस टिकतो. म्हणूनच भंगारात लोखंडापेक्षा ॲल्युमिनियमचा दर वर असतो. पेयाचे डबे बनवणारे कारखाने आपल्याच राज्यात तळोजा आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तरीही आपल्याकडे बराचसा डबा मिसळीच्या भंगारात जातो आणि त्याची भांडी किंवा ओतीव माल बनतो. वेगळा काढलेला, कोरडा, स्वच्छ माल असेल तरच डब्याचा पुन्हा डबा होऊ शकतो.

इतर देशांनी यासाठी अनामतीची पद्धत धरली. स्वीडनमध्ये १९८४ पासून आणि जर्मनीत २००३ पासून डब्यावर अनामत घेतात. रिकामा डबा परत केला की पैसे परत. आपल्याला हे नवे वाटू नये. सोड्याच्या बाटलीचा कारोबार याच रीतीने चालत आला आहे. शेजारच्या गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत परताव्याची योजना जाहीर केली. आपल्याकडे डब्याला अशी अनामत नाही, तोवर हे काम शाळा, मोहल्ला आणि भंगारवाला यांनी मिळून करावे लागेल.

शाळेतून असे काम होते, याचे दाखले आहेत. मुंबईत टेट्रा पॅकची रिकामी खोकी दुकानांतून गोळा करून त्यांपासून शाळांसाठी बाके बनवण्याची मोहीम चालली. आसामात गुवाहाटीजवळ पामोही येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या अक्षर शाळेने तर मुलांकडून फीऐवजी घरातील प्लास्टिकचा कचरा घेतला. मूल घरी जाऊन सांगते तेव्हा घर ऐकते. मोठ्यांच्या भाषणापेक्षा त्याचा असर जास्त होतो.

हरसूलसाठी रीत साधी असावी. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, हायस्कूल आणि मदरसा यांनी प्रत्येकी एक गोणी ठेवावी. मुलांनी डबे घरून किंवा ओळखीच्या दुकानातून आणावेत. उकिरड्यात हात घालू देऊ नये, कारण फाटलेल्या डब्याची कड ब्लेडसारखी कापते. डबा उलटा करून निथळावा, धुवावा आणि चपटा करावा. चपटा न केल्यास गोणी भरते पण वजन भरत नाही, आणि नाशिकपर्यंतचे भाडे अंगावर पडते. एका किलोला साधारण सत्तर डबे लागतात, हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे नाराजी होणार नाही. लोहचुंबक लावून पाहावे : चिकटला तर पत्रा, न चिकटला तर ॲल्युमिनियम. आपल्या गावात डब्यांपेक्षा बाटल्याच जास्त खपतात. म्हणून फुटकी ॲल्युमिनियमची भांडी आणि प्लास्टिकच्या बाटल्याही घ्याव्यात, पण गोण्या वेगळ्या ठेवाव्यात.

बिअरच्या डब्यांचा सवाल आपल्यात निघणारच. मुलांच्या हाती ते देऊच नयेत. मोठ्यांनी त्याबाबत आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.

आता भंगाराच्या व्यापारी बंधूंसाठी दोन शब्द. या धंद्यात आपले अनेक लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शाळेचा माल घ्याल तेव्हा काटा मुलांसमोर लावा, त्या दिवसाचा दर फळ्यावर लिहा आणि पावती द्या. माप-तोलात कमी देणाऱ्यांना कुराण शरीफमध्ये सख्त ताकीद आहे, हे आपण जाणतो. शाळेची एक गोणी फार नफा देणार नाही. पण त्या काट्यावर पन्नास घरांचा विश्वास बसतो आणि उद्या त्या घरांचा सगळा भंगार तुमच्याकडे येतो.

पावतीची गरज दुसऱ्या कारणानेही आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या व्यापाऱ्याकडून धातूचे भंगार घेतल्यास त्यावरचा जीएसटी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा आहे. ॲल्युमिनियम, तांबे, जस्त यांचा माल बनवणाऱ्यांवर भंगाराच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकणारे नियमही केंद्र सरकारने २०२५ मध्ये काढले आणि अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवली. म्हणजे मोठे कारखाने यापुढे हिसाब असलेला माल शोधणार. ज्याच्याकडे वही आणि बिल आहे त्याला गिऱ्हाईक मिळेल. ज्याच्याकडे नाही, त्याचा माल मधला दलाल पाडून मागेल. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि त्याच संघटनेच्या बळावर शहराच्या कचऱ्याच्या कामात आपली जागा मिळवली. तालुक्यातील पाच-सहा भंगारवाले एकत्र आले, तर एक गाडी भरून माल थेट नाशिकच्या मोठ्या व्यापाऱ्याला देता येईल.

सिंहस्थाची प्रमुख स्नाने २०२७ मध्ये आहेत. त्र्यंबकेश्वरला लाखो लोक येतील, डबे आणि बाटल्यांचे ढीग पडतील. तेव्हा बाहेरचे ठेकेदार येतील, यात शंका नाही. आपल्या गावात त्याआधी शाळेची सवय आणि व्यापाऱ्याची वही तयार असली, तर ती रोजी इथल्याच माणसाला मिळेल. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हाही ईमानचा हिस्सा आहे, असे आपल्याला लहानपणी शिकवले आहे. त्या कामात हलाल कमाईही असेल, तर उशीर कशासाठी? नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा आणि पहिली गोणी आपल्या खर्चाने द्या.