थेऊरचा क्षय आणि रुग्णाची जबानी

आपल्याच पुणे जिल्ह्यात, थेऊरला, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे क्षयाने गेले. वय अवघे २७. तेव्हाच्या वैद्यांपाशी ना स्टेथोस्कोप (तो १८१६ चा), ना क्षयजंतूची माहिती (ती शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दिली). दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न, एवढीच साधने. खोकला कधीपासून, ताप संध्याकाळी चढतो का, अन्न जाते का, हे रुग्णच सांगणार! म्हणून दीर्घ दुखण्यात त्याची जबानी हाच सर्वांत मोलाचा पुरावा होता, असे मला ठामपणे वाटते.

‘मग पेशवे वाचले का नाहीत?’ असे कुणी विचारेल. रोग ओळखला गेला होता, पण त्यावर औषधच नव्हते. क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. जबानीचे मोल मात्र औषध आल्यावरही टिकले. आजही याच जिल्ह्यातल्या भवानीनगर परिसरातल्या ऊसतोड कामगाराला क्षयतपासणीत आधी हेच विचारतात: खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे का?