परवाना कोणत्या गावचा?

इंग्लंडमध्ये टॅक्सी चालवायची तर ड्रायव्हिंग लायसन्स ही फक्त पहिली पायरी. त्याच्यावर आणखी एक परवाना काढावा लागतो, आणि तो केंद्र सरकार देत नाही, गावची कौन्सिल देते. जी कौन्सिल कचरा उचलते, हॉटेलांची स्वच्छता तपासते, दारूविक्रीचे परवाने देते, तिच्याच कचेरीत टॅक्सीवाल्याचा अर्ज जातो. असे परवाने देणाऱ्या अडीचशेहून अधिक संस्था तिथे आहेत आणि प्रत्येकीचे नियम थोडे थोडे वेगळे. गाडी किती वर्षं जुनी चालेल, तिचा रंग कोणता, ड्रायव्हरने कोणती परीक्षा द्यायची, फी किती, हे गावागणिक बदलतं. लंडनपुरतं हे काम महापौरांच्या अखत्यारीतली 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ही संस्था पाहते.

मला ही व्यवस्था समजून घ्यावीशी वाटली ती एका साध्या कारणासाठी. रात्री अकरा वाजता एखादी बाई अनोळखी माणसाच्या गाडीत मागे बसते, दार लागतं, गाडी निघते. त्या माणसाची तिने काहीच चौकशी केलेली नसते. आपल्या वतीने कुणीतरी ती आधीच केली आहे, या भरवशावर ती बसते. परवाना म्हणजे ती चौकशी. ती कोण करतं आणि किती जवळून करतं, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे.

इंग्रजी कायद्याने भाड्याच्या गाड्यांचे दोन वर्ग केले आहेत. पहिला 'हॅकनी कॅरेज', म्हणजे खरी टॅक्सी. ती स्टँडवर उभी राहू शकते, रस्त्यात हात दाखवला तर थांबू शकते. तिला मीटर असतो आणि जास्तीत जास्त भाडं किती घ्यायचं हे सहसा कौन्सिल ठरवते. दुसरा 'प्रायव्हेट हायर', म्हणजे आगाऊ बुकिंग करूनच मिळणारी गाडी. बुकिंग परवानाधारक ऑपरेटरमार्फतच व्हायला हवं. रस्त्यात कुणी हात केला आणि प्रायव्हेट हायरवाल्याने त्याला घेतलं, तर तो गुन्हा. वर त्या खेपेला विम्याचं संरक्षण उरत नाही ते वेगळंच. उबरच्या गाड्या या दुसऱ्या वर्गात मोडतात. लंडनबाहेर पहिल्या वर्गाचा मूळ कायदा १८४७चा, दुसऱ्याचा १९७६चा. दुसऱ्या वर्गात चालक, गाडी आणि ऑपरेटर असे तीन परवाने लागतात आणि तिन्ही एकाच कौन्सिलचे असावे लागतात.

१९७६च्या कायद्यात एक अट आहे, तिच्यावर सगळी इमारत उभी आहे. अर्जदार 'फिट अँड प्रॉपर', म्हणजे या कामाला लायक आणि योग्य माणूस आहे अशी कौन्सिलची खात्री पटली पाहिजे. लायक कोण, हे कायदा सांगत नाही. म्हणून वर्षानुवर्षं परवाना समित्यांनी एक कसोटी वापरली, आणि २०२०च्या सरकारी मार्गदर्शक मानकांनी ती लेखी मान्य केली. आपल्या जिव्हाळ्याच्या माणसाला, दिवसा किंवा रात्री कोणत्याही वेळी, या ड्रायव्हरबरोबर एकट्याने जाऊ द्याल का? उत्तर 'नाही' असेल तर परवाना नाही. इथे संशयाचा फायदा अर्जदाराला मिळत नाही. फौजदारी कोर्टात तो आरोपीला मिळतो, कारण तिथे प्रश्न त्याच्या स्वातंत्र्याचा असतो. इथे प्रश्न मागे बसणाऱ्याच्या सुरक्षिततेचा असतो. त्याच मानकांप्रमाणे लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला परवाना मिळत नाही, हिंसेच्या गुन्ह्यानंतर शिक्षा पूर्ण होऊन किमान दहा वर्षं जावी लागतात, आणि परवानाधारकाची पोलिसांकडची नोंद दर सहा महिन्यांनी तपासली जाते. नकार मिळालेल्याला मॅजिस्ट्रेटकडे अपील करता येतं.

ही कल्पना आजची नाही. १६५४ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीत लंडनमधल्या भाड्याच्या घोडागाड्यांसाठी अध्यादेश निघाला आणि गाडीमालकांची संख्या २००वर बांधली गेली. १८५०पासून हे काम लंडनच्या पोलिसांच्या 'पब्लिक कॅरेज ऑफिस'कडे गेलं आणि थेट २००० सालापर्यंत तिथेच राहिलं. दीडशे वर्षं टॅक्सीचा परवाना ही पोलिसांची बाब होती, यावरून त्या समाजाने तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं ते कळतं.

याच कचेरीने १८६५च्या सुमारास एक परीक्षा सुरू केली. लंडनचे टॅक्सीवाले तिला नुसतं 'नॉलेज' म्हणतात. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ हवेत. रस्त्यांबरोबर इस्पितळं, नाटकगृहं, हॉटेलं, पोलीस चौक्या, वकिलाती, प्रार्थनास्थळं. अभ्यासाच्या पुस्तकात ३२० ठरावीक मार्ग आहेत. पहिला मॅनर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. प्रत्येक मार्गाच्या दोन्ही टोकांच्या आसपास पाव मैलात जे जे काही आहे ते सगळं माहीत असायला हवं. लंडनमध्ये हँडलवर नकाशाचा कागद अडकवून, भर पावसात मोपेडवरून हळूहळू फिरणारी माणसं दिसतात, ती ही परीक्षा देणारी. दिवसा फिरायचं आणि संध्याकाळी जोडीदारासमोर बसून रस्त्यांची नावं क्रमाने म्हणायची, हा अभ्यास.

परीक्षा तोंडी असते. उमेदवार सूट घालून येतो आणि परीक्षकासमोर बसतो. परीक्षक दोन ठिकाणं सांगतो. उमेदवाराने नकाशा न पाहता पहिल्या ठिकाणापासून दुसऱ्यापर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता बोलून दाखवायचा. कुठून निघायचं, कोणत्या चौकात डावीकडे, कोणत्या पुलावरून, कुठे एकेरी वाहतूक आहे, सगळं. अशा हजेऱ्या आधी ५६ दिवसांनी, मग २८ दिवसांनी, मग २१ दिवसांनी होतात. पुरेसे गुण मिळाले नाहीत तर मागच्या टप्प्यावर जावं लागतं. बहुतेकांना तीन-चार वर्षं लागतात आणि बरेच जण मध्येच सोडतात. जो टिकतो त्याला हिरवा बॅज मिळतो आणि अख्खं लंडन त्याला खुलं होतं. उपनगरातल्या ठरावीक पट्ट्यापुरती परीक्षा देणाऱ्याचा बॅज पिवळा असतो.

या अभ्यासाने मेंदूत खरोखर बदल होतो, हे एलिनॉर मॅग्वायर या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं. २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. ज्यांचा तो भाग मुळात मोठा असतो तेच टॅक्सीवाले होतात की काय, ही शंका होतीच. म्हणून त्यांनी शिकाऊ उमेदवारांचा काही वर्षं पाठपुरावा केला. २०११च्या निष्कर्षात, परीक्षा पास झालेल्यांमध्ये तो भाग वाढलेला होता, नापास झालेल्यांमध्ये नव्हता.

फोनवर नकाशा असताना एवढा खटाटोप कशाला, असं आता लंडनमध्येही विचारलं जातं. रस्ता सापडण्यापुरतं पाहिलं तर प्रश्न रास्त आहे. पण मला या परीक्षेचं मोल वेगळं वाटतं. आयुष्यातली चार वर्षं घालून ज्याने बॅज मिळवला, तो एका खेपेच्या चढ्या भाड्यासाठी सहसा तो घालवणार नाही. शहरानेही त्याला चार वर्षं समोर बसवून पाहिलेलं असतं. अर्थात ही हमी पूर्ण नाही. २००९ मध्ये लंडनच्या एका काळ्या टॅक्सीच्या, म्हणजे हॅकनी कॅरेजच्या, चालकाला महिला प्रवाशांवरच्या अत्याचारांबद्दल शिक्षा झाली. त्याच्याकडेही रीतसर परवाना होता. परीक्षा कितीही कठीण असो, नंतरची देखरेख आणि तक्रार ऐकून घेणारा कान यांची जागा ती घेऊ शकत नाही.

प्रायव्हेट हायरची कथा याच्या अगदी उलट आहे. १९६१ मध्ये 'वेलबेक मोटर्स' या कंपनीने छोट्या रेनॉ गाड्या लंडनमध्ये उतरवल्या. कायदा रस्त्यावर गिऱ्हाईक घेण्याबद्दल बोलतो, टेलिफोनवर गाडी मागवण्याबद्दल नाही, या फटीतून मिनीकॅब जन्मली. लंडनबाहेर १९७६च्या कायद्याने ती फट बुजवली. राजधानीत त्यासाठी १९९८चा कायदा यावा लागला. म्हणजे जवळजवळ चार दशकं, जगातली सर्वांत कठीण टॅक्सी परीक्षा घेणाऱ्या शहरात, कोणताही परवाना नसलेला माणूस प्रवासी नेत होता. आज लंडनमध्ये प्रायव्हेट हायरचे परवानाधारक चालक एक लाखाच्या वर आहेत आणि काळ्या टॅक्सीचे त्यांच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

चौकशी नीट झाली नाही तर काय होतं, ते रॉदरहॅमने दाखवलं. यॉर्कशरमधल्या या गावात १९९७ ते २०१३ या काळात किमान १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असं प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांच्या ऑगस्ट २०१४च्या अहवालाने सांगितलं. अशा प्रकरणांमध्ये टॅक्सीचालकांचा वारंवार येणारा संबंध त्या अहवालाने स्पष्ट नोंदवला. पुढच्या वर्षी लुईस केसी यांनी त्या कौन्सिलच्या तपासणीचा अहवाल दिला, तेव्हा परवाना खात्याच्या कारभारावरही कठोर ठपका ठेवला गेला. मुलांची जबाबदारी ज्या कौन्सिलवर होती, तिच्याच दुसऱ्या खोलीत बॅज दिले जात होते. त्यानंतर रॉदरहॅमने नियम कडक केले, गाड्यांमध्ये कॅमेरे सक्तीचे केले. २०२२च्या कायद्याने इंग्लंडमधल्या परवाना संस्थांना आणखी एक बंधन घातलं. सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना नाकारला, निलंबित केला किंवा रद्द केला, तर ती नोंद सामायिक यादीत टाकायची, आणि नवा परवाना देण्याआधी ती यादी पाहायची.

पण एका गावाने नियम कडक केले की दुसरी वाट शोधली जाते. बेरिक हे स्कॉटलंडच्या सीमेवरचं लहानसं गाव. तिथल्या टॅक्सी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या न्यूकॅसलमध्ये बुकिंगची भाडी मारू लागल्या. न्यूकॅसलची कौन्सिल कोर्टात गेली. जी गाडी तुमच्या गावात चालणारच नाही तिला टॅक्सी परवाना नाकारण्याचा अधिकार कौन्सिलला आहे, असं हायकोर्टाने २००८ मध्ये सांगितलं. मात्र हे हॅकनी कॅरेजपुरतं. प्रायव्हेट हायरमध्ये तिन्ही परवाने एका गावचे असले की गाडी देशात कुठेही खेप करू शकते, आणि २०१५च्या कायद्याने एका ऑपरेटरला आपलं बुकिंग दुसऱ्या गावच्या ऑपरेटरकडे वळवण्याची मुभा दिली.

मग वुल्वरहॅम्प्टनचं नाव देशभर झालं. मध्य इंग्लंडमधल्या या शहराने अर्जाची पद्धत ऑनलाइन, झटपट आणि स्वस्त केली. आज त्याचे परवाने घेतलेले बहुसंख्य चालक दुसरीकडे राहतात आणि दुसरीकडेच गाडी चालवतात. मँचेस्टरच्या रस्त्यावर वुल्वरहॅम्प्टनच्या पाटीची गाडी चुकली, तर मँचेस्टरचा अधिकारी तिचा परवाना निलंबित करू शकत नाही. वुल्वरहॅम्प्टनची बाजूही ऐकायला हवी. पात्र अर्जदाराला तो बाहेर राहतो म्हणून नाकारता येत नाही, आमची तपासणी इतरांपेक्षा सैल नाही, चालकांची पोलीस नोंद आम्ही रोज पाहतो, असं ती कौन्सिल सांगते. हे खरं मानलं तरी अडचण उरतेच. पोलीस नोंद संगणकावर दिसते. अमुक ड्रायव्हर शाळेपाशी विनाकारण घुटमळतो, तमुक रात्री एकट्या मुलींना गाठतो, हे त्या गल्लीत फिरणाऱ्या माणसालाच कळतं. जून २०२५ मध्ये केसी यांच्याच नव्या अहवालाने ही पळवाट बंद करण्याची शिफारस केली आणि ब्रिटिश सरकारने ती स्वीकारली.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. मुंबईत घोडागाड्यांच्या परवान्याचा कायदा १८६३पासून होता. आजही काळी-पिवळी तिच्या प्रदेशाच्या परमिटवर चालते, भाडं मुंबई महानगर क्षेत्राचं परिवहन प्राधिकरण ठरवतं, मीटरला सील लागतं, ड्रायव्हरला बॅज लागतो. भाषेचा वाद दोन्हीकडे एकाच महिन्यात कोर्टात निकाली निघाला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रिक्षा परमिटसाठी मराठीची सक्ती करणारं परिपत्रक रद्द केलं, तर लंडनच्या कोर्टाने प्रायव्हेट हायर चालकांना इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं ही अट उबरच्या विरोधाला न जुमानता कायम ठेवली. परिपत्रकामागे कायद्याचं बळ हवं, हे मला मान्य आहे. पण प्रवासी 'छातीत दुखतंय, दवाखान्यात घ्या' म्हणाला तर ड्रायव्हरला ते कळलं पाहिजे, हेही तितकंच मान्य आहे.

ॲपवरच्या गाड्या आपल्याकडे बहुतांशी टुरिस्ट परमिटवर धावल्या. ते परमिट कोणत्याही एका शहराशी बांधलेलं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने ॲप कंपन्यांना राज्याचा परवाना बंधनकारक केला. पुण्याच्या प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये ओला आणि उबरचे चारचाकीसाठीचे अर्ज फेटाळले, तरी गाड्या धावतच राहिल्या. नियम असून त्याला हात-पाय नसले की असं होतं. ड्रायव्हरही यात भरडला जातो. कर्ज काढून घेतलेली गाडी उद्या कायदेशीर असेल का, याची खात्री त्याला कुणीच देत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. किमान अटी सगळ्या राज्यासाठी एक असाव्यात, म्हणजे सैल कचेरी शोधत कुणी फिरणार नाही. आणि गाडी ज्या शहरात रोज धावते त्या शहराच्या परिवहन कचेरीला तिला थांबवण्याचा, ड्रायव्हरला बोलावून विचारण्याचा आणि बॅज काढून घेण्याचा अधिकार असावा, मग परमिट कुठलंही असो. वाचकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी टॅक्सीत बसाल तेव्हा गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव पाहा, ते घरच्यांना कळवा, आणि काही वावगं घडलं तर ॲपवर एक तारा देऊन थांबू नका, आरटीओकडे लेखी तक्रार करा.