ब्रेक सुटत नाही तेव्हा

ब्रेक लागला नाही तर माणूस घाबरतो. ब्रेक सुटला नाही तर म्हणतो, "चालतंय की! गाडी थांबते ना?" पण हे चालवून घेऊ नये. न सुटलेला ब्रेक घासत राहतो, घासून तापतो. ब्रेक-ऑइल उकळते, त्यात वाफ धरते. वाफ दाबली की दबते. मग घाटाच्या उतारावर पेडल दाबले, तर पाय नुसताच खाली जातो. सुटत नव्हता तोच ब्रेक आता लागत नाही!

ब्रेकचे काम करून आणलेल्या गाडीत हा दोष निघतो. तो का, ते आपण पाहू. पेडल दाबले की एक दांडी मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे ढकलते. दट्ट्या ऑइलला ढकलतो. ऑइल नळ्यांतून चाकांकडे जाते आणि ब्रेक आवळते. पाय काढला की दट्ट्या मागे येतो. तो पुरता मागे आला, तरच एक बारीक भोक उघडते आणि जादा ऑइल वरच्या डबीत परत जाते. सारी मेख या भोकात आहे. नवा सिलिंडर किंवा बूस्टर बसवताना दांडी जराशी लांब राहिली, की भोक झाकलेलेच राहते. सकाळी गाडी बरी चालते. पुढे ऑइल तापून फुगते, त्याला परतीची वाट नसते, आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. गार झाली की गाडी पुन्हा शहाणी!

म्हणून ब्रेक आवळलेला असतानाच तपासावा. मात्र हात जपा, चाक भाजते. गाडी सपाट जागी घ्या, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा. चाक जॅकवर उचला आणि खाली भक्कम टेकूही द्या. नुसत्या जॅकवर आमचा भरवसा नाही. गिअर आणि हँडब्रेक सोडा, चाक हाताने फिरवा.

एकच चाक जड आहे? त्याचा निपल पान्याने किंचित सैल करा. ऑइल उडाले आणि चाक सुटले, तर ऑइल अडकले होते. बहुधा रबरी नळी आतून फुगलेली असते. ऑइल जाते, परत येत नाही. बाहेरून नळी धड दिसते, तिथेच मिस्त्री फसतो. ऑइल निघूनही चाक जडच राहिले, तर तिथला दट्ट्या गंजला असेल. मागचे चाक असेल तर हँडब्रेकची तारही पाहा.

सगळीच चाके जड असली, तर मास्टर सिलिंडरचे नट थोडे सैल करून तो बूस्टरपासून जरा पुढे ओढा. चाके सुटली, तर दांडीच लांब आहे. नाही सुटली, तर सिलिंडरची नळी सैल करून पाहा. आता सुटली, तर भोक बुजले आहे. डबीत कुणी इंजिन-ऑइल तर ओतले नाही ना, हेही विचारा. त्याने रबर फुगते. मग सगळी रबरे बदलावी लागतात, नळ्या धुवाव्या लागतात.

तपासून झाले की निपल, नट, नळी घट्ट करा. ऑइल भरा, हवा काढा. पेडल टणक लागेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.