पायमोज्यांचा जोड आणि जगाचा खरेपणा

दिवाळीच्या आधी घरात साफसफाई निघाली की आमच्याकडे दरवर्षी एक तरी पायमोजा एकटाच सापडतो. त्याचा जोडीदार कोठे गेला यावरून मग तोच तो वाद. सौभाग्यवती म्हणतात, मी प्रवासात हरवला. मी म्हणतो, धुण्याच्या गडबडीत गेला. यंदा आमच्या नातीने एक तपकिरी मोजा माझ्यापुढे नाचवीत विचारले, "आजोबा, दुसरा कुठल्या रंगाचा असेल?"

"अगं, तपकिरीच! न पाहता सांगतो."

बोलून गेलो आणि मग माझे मलाच हसू आले. कारण, न पाहता सांगता येते का, आणि न पाहिलेला मोजा कोणत्याही रंगाचा असतो का, याच प्रश्नावर विसाव्या शतकातील मोठमोठी डोकी एकमेकांवर आपटली आहेत. मोज्यांवर एक शास्त्रीय निबंधच आहे म्हणा ना! त्याचे नाव, 'बेर्टलमान यांचे मोजे आणि वास्तवाचे स्वरूप'. लेखक जॉन स्ट्युअर्ट बेल. मी जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले. पण या माणसाचे मोठेपण मला फार उशिरा कळले. त्याला कारण माझी एक चूक आहे. ती पुढे सांगतो.

बेल जिनीव्हाच्या 'सर्न' या युरोपीय संशोधनसंस्थेत होते. तेथे १९७८ साली राइनहोल्ड बेर्टलमान नावाचा एक तरुण ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ आला. त्याला विद्यार्थिदशेपासून एक खोड होती. दोन पायांत तो मुद्दाम दोन रंगांचे मोजे घाली. बेल यांनी ते पाहिले असणार, पण चकार शब्द काढला नाही. १९८० साली बेर्टलमान व्हिएन्नाला गेलेला असताना एक सहकारी हातात कागद फडकवीत धावत आला. पाहतो तो बेल यांचा नवा निबंध, आणि त्यात बेल यांनी स्वतः काढलेले बेर्टलमानचे व्यंगचित्र, दोन्ही मोज्यांसकट! बिचारा त्या दिवसापासून जगप्रसिद्ध झाला.

निबंधातील मुद्दा असा. बेर्टलमानच्या एका पायातला मोजा गुलाबी दिसला, की दुसरा गुलाबी नाही हे पाहण्याआधीच कळते. यात चमत्कार कोठे आहे? सकाळी कपडे करतानाच दोन्ही मोजे ठरलेले होते. आपल्याला ते मागाहून कळले, एवढेच.

आईन्स्टाईनचे म्हणणे अगदी हेच होते. एकाच ठिकाणी जन्मलेले दोन सूक्ष्म कण दूर गेले, आणि एकाचे मोजमाप करताच दुसऱ्याचे अचूक सांगता आले, तर ती गोष्ट त्या दुसऱ्यापाशी आधीपासून असलीच पाहिजे. १९३५ साली पोडोल्स्की आणि रोझेन या दोघांबरोबर त्याने हे लिहून प्रसिद्ध केले. पण क्वांटम सिद्धांत, ज्याला आपल्याकडे पुंजवाद असेही म्हणतात, निराळेच सांगत होता. पाहण्यापूर्वी मोज्याला रंगच नसतो. तुम्ही एक पाहिला की त्याला रंग येतो आणि त्याच क्षणी दूरच्या दुसऱ्यालाही! आईन्स्टाईनने मॅक्स बॉर्नला लिहिलेल्या पत्रात या प्रकाराला चक्क भुताटकी म्हटले. मी पाहतो तेव्हाच चंद्र तेथे असतो काय, असेही त्याने एकदा फिरता फिरता आपल्या एका स्नेह्याला विचारले होते.

कोपनहेगनचे नील्स बोर आणि त्यांचा संप्रदाय यांना हा प्रश्नच पसंत नव्हता. गणित बरोबर उत्तर देते ना? मग कण न पाहता काय करीत असतो याची उठाठेव कशाला? या सिद्धांतावर पुढे ट्रान्झिस्टर निघाले, लेसर निघाले. कामे बिनबोभाट चालली होती. प्रश्न विचारणारा तेवढा वेडा ठरला.

आता माझी चूक. १९७८ च्याच सुमाराची गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात मी फळ्यावर समीकरण मांडीत होतो. मागच्या बाकावरचा एक सडपातळ मुलगा उभा राहिला. "सर, आपण मोजत नसतो तेव्हा इलेक्ट्रॉन असतो कुठे?" मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "अरे, बस खाली. हे परीक्षेला येत नाही." वर्ग हसला. मुलगा बसला. त्याने पुन्हा वर्षभर काही विचारले नाही. पुढे तो बँकेत लागल्याचे कळले. मी ठाम उत्तर दिले होते, पण खरी गोष्ट अशी, की मला उत्तर येत नव्हते. आणि येत नाही हे सांगण्याचे धैर्य नव्हते.

बेलही असाच मागच्या बाकावरचा. जन्म १९२८, बेलफास्टमधल्या गरीब, कामकरी कुटुंबात. भावंडांना लवकर शाळा सोडावी लागली. याला मात्र आईने पुस्तकांपासून तुटू दिले नाही. सोळाव्या वर्षी शिक्षण संपले, पण विद्यापीठात घ्यायला वय कमी पडले. म्हणून स्वारी तेथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राहिली. प्राध्यापक मंडळी भली. त्यांनी पुस्तके दिली, वर्गात बसू दिले. पुढे रीतसर विद्यार्थी झाल्यावर पुंजवादाच्या तासाला याच बेलने प्राध्यापकांशी हमरीतुमरीवर येऊन वाद घातले. मग ब्रिटनच्या अणुसंशोधन केंद्रात नोकरी, तेथेच मेरी रॉस या स्कॉटिश शास्त्रज्ञ मुलीशी ओळख, १९५४ साली लग्न आणि १९६० साली दोघेही सर्नला. तांबूस दाढी, बोलणे मृदू, आणि आपल्या वाचकांना कौतुक वाटेल अशी गोष्ट म्हणजे गृहस्थ तरुणपणापासून शाकाहारी. पगार मिळे तो मूलकणांवरील कामाचा. त्या कामातही नाव मोठे होते. वास्तवाचा हा प्रश्न मात्र सुट्टीच्या वेळचा. एखादा कारकून रात्री दिव्याखाली सतारीवर हात फिरवतो ना, तसा.

१९६३-६४ मध्ये रजा काढून ते अमेरिकेत गेले आणि तेथे हा सुट्टीचा उद्योग फळाला आला. ज्या वादाला तीस वर्षे सगळे तत्त्वज्ञांचा वाद म्हणत होते, तो प्रयोगाच्या टेबलावर कसा आणता येईल हे त्यांना सुचले. निबंध अवघा सहा पानांचा. नामांकित नियतकालिकात छापायला पानांमागे पैसे भरावे लागत. आपण पाहुणे, यजमान संस्थेवर तो भार कशाला, असा संकोच वाटला. म्हणून एका नव्या नियतकालिकाला दिला. त्याच्या नावातच 'भौतिकी' हा शब्द इंग्रजी, फ्रेंच व रशियन अशा तीन भाषांत होता. ते चार-पाच वर्षांत बंद पडले. निबंध कपाटात पडून राहिला.

त्या सहा पानांतले मर्म आपल्या घरगुती भाषेत सांगता येते. थोडी आकडेमोड आहे, पण किराण्याच्या यादीहून अवघड नाही.

समजा, दोन जुळ्या बहिणी आहेत. एक पुण्यात, एक नागपुरात. दोघींना एकाच वेळी एकेक प्रश्न विचारायचा. प्रश्न तीनच: चहा आवडतो का? कारले आवडते का? सिनेमा आवडतो का? उत्तर 'हो' किंवा 'नाही'. कोणीला कोणता प्रश्न येणार हे आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरायचे. अनुभव असा येतो, की दोघींना तोच प्रश्न आला तर उत्तरही तेच येते. शंभर वेळा विचारा, शंभर वेळा. तुम्ही म्हणाल, यात काय! पोरींनी घरूनच तिन्ही उत्तरे ठरवून आणली आहेत. बरोबर. मोज्यांची गोष्ट हीच.

आता दोघींना निरनिराळे प्रश्न आले, तर उत्तरे कितीदा जुळतील? उत्तरे तीन ठरवायची आणि प्रकार दोनच. तेव्हा तिघांपैकी निदान दोन उत्तरे सारखी असणारच. चहाला 'हो', कारल्याला 'नाही', सिनेमाला 'हो' असे ठरवले तर चहा-सिनेमा ही जोडी जुळेल, बाकीच्या दोन जोड्या जुळणार नाहीत. तीनांत एक. तिन्हीला 'हो' ठरवले तर प्रत्येक वेळी जुळेल. कसेही ठरवा, तीनांत एकापेक्षा कमी जुळणी होणे शक्य नाही. पेन्सिल घेऊन करून पाहा; मी तिष्ठत बसतो.

बहिणींच्या जागी एकाच अणूतून निघालेले दोन प्रकाशकण घ्या, आणि तीन प्रश्नांच्या जागी प्रकाश अडवणारी एक विशिष्ट गाळणी तीन दिशांना फिरवून ठेवा, दर दोन दिशांत साठ अंशांचे अंतर. कण गाळणीतून पार झाला तर 'हो', अडला तर 'नाही'. पुंजवाद सांगतो, निराळ्या दिशांना जुळणी होईल ती साठ अंशांच्या कोज्येच्या वर्गाइतकी. कोज्या अर्धी, तिचा वर्ग पाव. म्हणजे चारांत एक!

तीनांत एक की चारांत एक? सगळे भांडण एवढ्यावर आले. प्रत्यक्ष प्रयोगांतले कोन आणि हिशेब थोडे निराळे होते, पण गाभा हाच. निसर्गाला विचारायचे आणि तो सांगेल ते ऐकायचे.

विचारायला मात्र कोणी धजेना. जॉन क्लाउजर नावाच्या अमेरिकन तरुणाला १९६७ साली ग्रंथालयात तो निबंध सापडला. वडीलधाऱ्यांनी सांगितले, वेळ फुकट घालवू नकोस. त्याने ऐकले नाही. बर्कलेला स्टुअर्ट फ्रीडमन या विद्यार्थ्याला जोडीला घेऊन, अडगळीतले सुटे भाग जमवून त्याने यंत्र उभे केले. आईन्स्टाईनचे खरे ठरावे अशी त्याची आशा होती. १९७२ मध्ये निकाल लागला तो आशेच्या उलट. पुंजवाद बरोबर! पुढे क्लाउजरला प्राध्यापकाची कायम जागा मिळाली नाही.

पण एक पळवाट होती. त्याच्या गाळण्या जागच्या जागी स्थिर होत्या. कणांनी आपसात गुपचूप निरोप पोचवला असेल तर? ती बंद करण्याची कल्पना घेऊन आलँ आस्पे हा फ्रेंच तरुण १९७५ साली बेल यांना भेटायला जिनीव्हाला गेला. बेल यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "तुम्हाला कायमची नोकरी आहे का?" होती. मग पुढची चर्चा झाली! मुलीच्या बापाने विचारावा तसा हा प्रश्न; पण त्या काळी या विषयाच्या नादी लागलेल्याची काय गत होई, हे त्यात सगळे आले.

आस्पेने १९८२ साली बारा मीटर अंतरावरच्या दोन टोकांना प्रकाशाची वाट बदलणाऱ्या झडपा बसवल्या. बारा मीटर ओलांडायला प्रकाशाला चाळीस नॅनोसेकंद लागतात. झडपा दर दहा नॅनोसेकंदांना बदलत. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. निरोप पोचायला वेळच उरू दिला नाही. तरी उत्तर तेच. २०१५ साली नेदरलँड्समधील डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर याहून कडक परीक्षा झाली. पुन्हा तेच.

म्हणजे पोरींनी काही ठरवून आणलेले नव्हते. मग नागपूरचे उत्तर पुण्याशी जुळते कसे?

येथे मला एक इशारा द्यावासा वाटतो. हे वाचून कोणी म्हणेल, पाहा, आमची परचित्तविद्या सिद्ध झाली! तसे काही झालेले नाही. पुण्याच्या बहिणीकडे नुसते पाहिले तर तिची उत्तरे नाणेफेकीसारखी येतात. दोन्ही वह्या एकत्र आणून ताडून पाहाव्यात तेव्हाच जुळणी दिसते. या मार्गाने एक अक्षरही धाडता येत नाही. तारखात्याला यातून कधीच धोका नव्हता.

तरी काहीतरी सोडावे लागते, हे उरतेच. कोणी म्हणतात, पाहण्यापूर्वी कणाला ठरीव गुणच नाहीत. कोणी म्हणतात, गुण आहेत, पण दूरच्या वस्तू खऱ्या अर्थाने वेगळ्या नाहीत. बेल यांचा ओढा या दुसऱ्या बाजूकडे होता. डेव्हिड बोम, आपल्याकडे जे. कृष्णमूर्तींशी झालेल्या संवादांमुळे ओळखले जातात तेच, यांनी १९५२ मध्ये अशी एक मांडणी केली होती. ती अशक्य असल्याचे थोर गणिती फॉन नॉयमन यांनी वीस वर्षांपूर्वीच 'सिद्ध' केले होते, आणि सगळे ते मानून चालले होते. त्या सिद्धतेतली एक गृहीत धरलेली गोष्ट मुळातच गैरलागू आहे हे बेल यांनी दाखवून दिले. ग्रेटे हेर्मान या जर्मन विदुषीने तेच १९३५ साली सांगितले होते. तिचे कोणी ऐकले नाही. मला स्वतःला विचाराल तर दोन्ही बाजू गळ्याखाली उतरत नाहीत. रात्री गच्चीवर गेलो की चंद्र मी येण्यापूर्वीपासून तेथे आहे असेच वाटते.

बेल १ ऑक्टोबर १९९० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. वय बासष्ट. ४ ऑक्टोबर २०२२ ला क्लाउजर, आस्पे आणि व्हिएन्नाचे आन्टोन झाइलिंगर यांना याच कामाबद्दल नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मृतांना ते देत नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी आमचा फोन वाजला. आवाज ओळखीचा नव्हता. "सर, मी अठ्ठ्याहत्तरच्या बॅचचा. मागच्या बाकावरचा. इलेक्ट्रॉनचा प्रश्न विचारला होता बघा मी." मी गप्प. तोच हसून म्हणाला, "सर, परीक्षेला आला की हो!"

बँकेतून निवृत्त होऊन त्याला चार वर्षे झाली होती. त्या पाडव्याला तो सपत्नीक आला. चव्वेचाळीस वर्षांनी मी त्याला सांगितले, की तेव्हा मला उत्तर येत नव्हते. तो म्हणाला, "ते कळलं होतं सर." सौभाग्यवतींनी चिवड्याच्या बशा आणून ठेवल्या, नातीने वहीचे मागचे पान फाडून दिले, आणि आम्ही दोघे चहा, कारले व सिनेमा यांच्या जोड्या मांडायला बसलो. चहा निवून गेला. तीनांत एकाखाली काही उतरेना.