यंत्राच्या नावाचा घोळ

हिंगोलीच्या रेल्वेस्थानकावर उतरणारा नवखा प्रवासी फलकावरचे ‘हिंगोली डेक्कन’ हे नाव वाचून क्षणभर घुटमळतो. कारण ‘डेक्कन’ हे शेपूट गावाच्या बोलण्यातले नव्हे, ते रेल्वेच्या दप्तराने जोडलेले आहे. संगणकाच्या टर्मिनलमध्येही हाच प्रकार घडतो. आज्ञा लिहिण्याच्या जागेअलीकडे जेथे नित्य आपल्या यंत्राचे नाव उमटते, तेथे एखाद्या सकाळी कोणा परक्या फोनचे नाव झळकू लागले, म्हणजे यंत्रात कोणी चोर शिरला की काय, अशी शंका मनास ग्रासते.

बहुधा चोर नसतो. असते ती दप्तरदिरंगाई. मॅक संगणकाला तीन नावे असतात : एक माणसांनी वाचण्याचे, दुसरे घरच्या जाळ्यातले आणि तिसरे खुद्द ‘होस्टनेम’. हे तिसरे बहुतेकदा कोणी ठेवलेलेच नसते, म्हणून यंत्र वायफायच्या राउटरकडून मिळालेला आपला क्रमांक पुढे करून ‘या क्रमांकाचा धनी कोण?’ असे त्यालाच विचारते. आणि तो क्रमांक पूर्वी दुसऱ्या उपकरणाकडे असून जुनी नोंद खारीज झालेली नसेल, तर राउटर बेलाशक तेच नाव सांगतो. एके काळी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरील सर्व यंत्रांची नावे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीत एकाच यादीत नांदत. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस या नावे-क्रमांक जुळवणाऱ्या व्यवस्थेची रचना मांडली आणि ती जबाबदारी ठिकठिकाणच्या दप्तरांत वाटली गेली. व्याप वाढल्यावर हे अटळच होते; पण घरोघरीचा राउटर काही दक्ष कारकून नव्हे.

केवळ डोळ्यांना खुपते एवढ्यासाठीच हा दोष काढावा, असे नाही. यंत्राच्या कामकाजाच्या नोंदींतही हे नाव उतरते. औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियासारख्या वेधशाळेत कोणती नोंद कोणत्या यंत्राची, याविषयी संदेह राहिला तर कसे चालेल?

उपाय अल्प आहे. मॅकवर ‘स्कुटिल’ या आज्ञेने होस्टनेम विचारावे. ‘नॉट सेट’ असे उत्तर आले, तर प्रशासकाच्या अधिकाराने त्याच आज्ञेकरवी नाव कायम करावे आणि टर्मिनलची नवी खिडकी उघडावी, कारण जुनी खिडकी जुनेच नाव धरून बसते. लिनक्सवर हे काम ‘होस्टनेमसीटीएल’ करते. मात्र तेथे ‘होस्ट्स’ या फाइलीतले जुने नावही बदलावे, नाहीतर पुढे प्रशासकाचे अधिकार देणारी ‘सुडो’ ही आज्ञा वापरताना हे नाव ओळखता येत नाही, अशी तक्रार यंत्र स्वतःच्याच नावाविषयी करते.