चार रविवार, चार मेणबत्त्या

वाचकहो, एक चूक कबूल करून आजच्या लेखास आरंभ करतो.

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला सणांचा पाठ चालला होता. आम्ही फळ्यावर लिहिले, "नाताळ म्हणजे ख्रिस्ती लोकांची दिवाळी." मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "पण गुरुजी, माझी ग्रांमेर सगळे दिवे एकदम लावत नाही. दर रविवारी एकच लावते." वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून बसला. आम्हीही त्या हसण्याला आवर घातला नाही, ही आमची दुसरी चूक.

त्या मुलाचे वडील मराठी, आई कॅथलिक. आपल्या बेटावर अशी घरे पुष्कळ आहेत. नंतर आम्ही त्या ग्रांमेरच्या घरी गेलो. मेजावर हिरव्या डहाळ्यांचे एक कडे होते आणि त्यात चार मेणबत्त्या. दोन लावलेल्या, दोन कोऱ्या. बाईंचा धाकटा मुलगा मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरीला आहे. तो नाताळला घरी येणार होता. बाई म्हणाल्या, "हा महिना वाट पाहण्याचा आहे. सण त्यानंतर." आमचा फळ्यावरचा धडा एका वाक्यात पुसला गेला.

मग आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ख्रिस्ती मंडळींचे उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते सुरू होते नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान. नाताळपर्यंतच्या या दिवसांना फ्रेंचमध्ये आव्हाँ म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. आपले वर्ष गुढी उभारून सुरू होते, त्यांचे वर्ष वाट पाहण्याने सुरू होते.

या काळात कॅथलिक धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालतात. मिस्सामधले 'ग्लोरिया' हे स्तुतिगान रविवारी गात नाहीत. ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. तिसरा रविवार मात्र आनंदाचा, म्हणून त्या दिवशी गुलाबी वस्त्र आणि पुष्कळ ठिकाणी गुलाबी मेणबत्ती. सहाव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भूमीवर ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम झाला होता. आपल्या आजीचा चातुर्मास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे परके वाटू नये.

मेणबत्त्यांचे कडे मात्र तितके जुने नाही. १८३९ साली जर्मनीत हांबुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न हे प्रोटेस्टंट धर्मगुरू गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवीत. नाताळला किती दिवस उरले, हे मुलांना दिसावे म्हणून त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. पुढे लहान गेल्या, चार मोठ्या राहिल्या आणि कॅथलिक घरांतही पोहोचल्या. मुलांच्या एका प्रश्नाला दिलेले हे उत्तर आहे, हे वाचून आम्हा शिक्षकाला फार बरे वाटले.

आता जुने वर्ष संपते कसे ते पाहू. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सर्व संतांचा दिवस, दुसऱ्या तारखेला मृतांचे स्मरण. आपल्या बेटावरची कबरस्ताने त्या सुमारास फुलांनी भरून जातात. आणि २ नोव्हेंबर हा आपलाही दिवस आहे. १८३४ साली याच तारखेला 'ॲटलस' जहाजातून गिरमिटिया मजूर पोर्ट लुईला उतरले. म्हणून आपण त्या दिवशी आप्रवासी घाटावर पुष्पचक्रे वाहतो. एकाच दिवशी शेजारी आपल्या माणसांच्या कबरीपाशी उभा असतो आणि आपण आपल्या पूर्वजांच्या पायऱ्यांपाशी.

वर्षाचा शेवटचा रविवार 'ख्रिस्तराजा'चा. हा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली सुरू केला. तो तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे, १९६९ च्या सुधारणेत वर्षाच्या शेवटी आला. दर तीन वर्षांनी त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातला न्यायाच्या दिवसाचा प्रसंग वाचतात. राजा कोणालाही किती प्रार्थना केल्यास, असे विचारीत नाही. भुकेल्याला जेवू घातलेस का, परक्याला घरात घेतलेस का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलास का, एवढेच पाहतो. त्याच वर्षी दोन आठवडे आधी दहा कुमारिकांचा दृष्टांत येतो: वराला यायला उशीर होतो, पाच जणींच्या दिव्यांत तेल उरत नाही. ज्या घरात रात्रभर समई जागवली आहे, त्या घराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या राजाच्या प्रश्नांचे उत्तर आपल्या बेटावर एका माणसाने दिले होते. पेर लाव्हाल १८४१ साली येथे आले. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली होती, पण सुटलेल्या माणसांना विचारणारे कोणी नव्हते. लाव्हाल त्यांच्यात राहिले, त्यांची भाषा बोलले. १८६४ च्या ९ सप्टेंबरला ते वारले. सेंत-क्र्वा येथे त्यांच्या समाधीला आजही सर्व धर्मांची माणसे जातात. आपल्यापैकीही कित्येक जण गेले असतील.

मराठीलाही हा विषय नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, आणि तेही आपल्या ओवीत. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. म्हणजे पहिले पुराण हा जणू एक लांब आगमनकाळच आहे. पुढे आपल्या कोकणातलेच कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी भजन आणि अभंग सोडले नाहीत.

वर्गात आम्ही फळ्यावरचे वाक्य दुरुस्त केले. तेव्हा एका मुलाने विचारले, "येशू तर जन्मून गेला, मग वाट कोणाची?" आम्ही उत्तर जुळवीत असताना एक मुलगी म्हणाली, "गणपतीसुद्धा दरवर्षी येतो ना!" उत्तर गोड होते, पण पुरे नव्हते. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो जन्म इतिहासात एकदाच झाला. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी तीन आगमने सांगितली: एक तेव्हाचे, एक जगाच्या अंतीचे, आणि मधले माणसाच्या अंतःकरणातले. दोन सण सारखे आहेत असे म्हटले की आपले काम सोपे होते. वेगळे आहेत हे समजून घेऊन शेजारी बसणे, हा खरा अभ्यास.

हे सारे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. त्या मुलाच्या मराठी आजोबांनी मुलाच्या लग्नानंतर सुनेच्या माहेरचा उंबरठा ओलांडलेला नाही. नातू दिवाळीला त्यांच्याजवळ असतो, नाताळला पलीकडे. परवा ते आम्हाला भेटले. म्हणाले, "गुरुजी, त्या मेणबत्तीपाशी बसलो तर आपला धर्म बुडेल का?" आम्ही म्हटले, "काका, आपल्या दत्तजयंतीला त्या बाई आल्या होत्या. त्यांचा बुडाला का?" ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसती काठी टेकून उभे राहिले आणि मग विचारले, "तिथे जाताना काय न्यावे?"

आम्ही सांगितले, अंगणातली लिची न्या. आणि 'नाताळच्या शुभेच्छा' इतक्यात देऊ नका. त्या पंचवीस तारखेला. आता नुसते बसा आणि मेणबत्ती नातवाला लावू द्या.

ते जातील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. रविवार चार आहेत.